परगावच्या माणसाचा वाटा

आश्विनाचा कृष्णपक्ष लागला म्हणजे भुसावळच्या जंक्शनावर पाय ठेवावयास जागा उरत नाही. आमचे वरणगाव तेथून जवळच, त्यामुळे हा देखावा आम्हांस दरसाल विनासायास पाहावयास मिळतो. मुंबई, पुणे, सुरत येथे पोटामागे गेलेली माणसे बोचकी, पिशव्या आणि हल्लीच्या त्या चाकांच्या पेट्या सांभाळीत उतरतात, आणि ज्याला त्याला घरच्या उंबरठ्याची घाई झालेली असते. दिवाळीचेच कशाला, आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी आल्याखेरीज झाडाला झोके बांधल्याचे सुखच नाही. श्रावणात आमच्या शेजारी कानबाईचे रोट असतात. रोटांसाठी धान्य काढताना घरातील प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घ्यावयाची अशी त्यांची रीत. मुलगा पाळण्यात असो की दुबईस असो, त्याची सव्वा मूठ चुकत नाही. आमच्या घरी कानबाई नाही. परंतु शेजारची माउली एकेक नाव घेऊन मूठ सोडू लागली की मी ओट्यावरचे वाचन थांबवून पाहत बसतो. जो हजर नाही त्याचे नाव घेताना तिचा आवाज किंचित मोठा होतो, असे मला नेहमी वाटते.

सणाला घरी नसणारी माणसे सगळी एका वर्गातली नसतात. इंजिनावरचा ड्रायव्हर, सरहद्दीवरचा शिपाई, आमच्या येथील आयुधनिर्माणीत पाळीवर असलेला कामगार, इस्पितळातील परिचारिका, ह्यांना सण चुकतो तो चाकरीपायी. घरची माणसे हळहळतात, फराळाचा डबा पाठवितात आणि साहेबाच्या नावाने दोन शब्द बोलून मोकळी होतात. दुसरा वर्ग संख्येने अगदी अल्प आहे. त्यातल्या माणसाला कोणी धाडलेले नसते, घरी दोन वेळचे अन्न असते, आणि तरी तो एखादे व्रत अंगावर घेऊन आपल्या पायांनी दूर जातो व सणाच्या दिवशीही परतत नाही. अशा घरात राग काढावयास साहेबसुद्धा नसतो.

असे एक घर सध्या आमचेच होऊन बसले आहे. माझ्या वडील बंधूंचा उशिरा झालेला एकुलता मुलगा बी.एस्सी., बी.एड. झाला, तेव्हा तो जळगावास नाही तर फार तर नाशकास नोकरी धरील असे सर्वांनी गृहीत धरले होते. तो तीन वर्षांपूर्वी विवेकानंद केंद्राच्या शाळेवर शिक्षक म्हणून अरुणाचलात गेला. हे केंद्र स्थापणारे एकनाथजी रानडे मूळचे वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्यातील टिमटाळ्याचे. कन्याकुमारीचे शिलास्मारक १९७० साली उभे राहिल्यावर, दगडाच्या स्मारकामागून आता माणसांचे स्मारक झाले पाहिजे, ह्या भावनेने त्यांनी १९७२ च्या जानेवारीत केंद्राची स्थापना केली. आणि १९७७ पासून अरुणाचलात त्याच्या शाळा निघाल्या. निरनिराळ्या प्रांतांतील तरुण आणि तरुणी तेथे शिकवावयास जातात. भुसावळहून गुवाहाटीपर्यंत दोन दिवसांची वाट, पुढे ब्रह्मपुत्रेच्या उत्तर तीराने पुन्हा रेल्वे, आणि लिकाबालीपासून डोंगर चढणारी मोटार. दिवाळीला घरी यावे म्हटले तर जाण्यायेण्यातच आठवडा सरतो.

पहिल्या वर्षी तो आला नाही, तेव्हा नवखा आहे म्हणून कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या वर्षी कुजबुज झाली. गतवर्षी त्याचे पत्र आले. (तो अद्याप पत्र लिहितो; लहानपणी मी त्याच्याकडून दर रविवारी एक पत्र लिहवून घेत असे, त्याचा एवढा उपयोग झाला.) वसतिगृहातली काही मुले थोड्या सुटीत आपापल्या दूरच्या गावी जाऊ शकत नाहीत, त्यांच्याजवळ कोणीतरी राहावयास हवे, सबब मी याही खेपेस येत नाही, असा मजकूर होता. पत्र वाचून दादांनी ते घडी करून चष्म्याच्या घरात ठेवले आणि वर्तमानपत्र उघडले. वहिनी मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"लष्करात असता तर मी समजले असते, भाऊजी. सरकारने अडविले म्हणून गप्प बसले असते. ह्याला कोणी अडविले आहे?"

प्रश्न बिनतोड होता. दादा पान उलटीत राहिले, आणि उत्तर देण्याचे काम, घरात चार संस्कृत बुके वाचलेला म्हणून, माझ्याकडे आले.

सवयीप्रमाणे मी आधी शास्त्राकडे वळलो. आपल्याकडे घर सोडणाऱ्याचा थोर नमुना म्हणजे संन्यासी. त्याने स्वतःचे श्राद्ध स्वहस्ते उरकलेले असते. आठ महिने फिरावे, पावसाळ्यात एके ठिकाणी राहावे, आणि ज्या गावी चातुर्मास असेल त्या गावचे सण दुरून पाहावेत. त्याच्या घरची माणसे एकदाच काय ती रडून घेतात. पण आमचा मुलगा संन्यासी नाही. चार-दोन वर्षांनी परत येईल, लग्न करील, अशी त्याच्या मातोश्रींची खात्री आहे आणि माझीही. तो खरे म्हणजे ब्रह्मचारी. ब्रह्मचाऱ्याच्या भिक्षेविषयी मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात दोन नियम आहेत. पहिली भिक्षा आईकडे, बहिणीकडे किंवा सख्ख्या मावशीकडे मागावी, जी नाही म्हणणार नाही अशा स्त्रीकडे मागावी, हा एक. आणि पुढे नित्याची भिक्षा मात्र गुरूच्या कुळात आणि आपल्या नात्यागोत्यात मागू नये, दुसरे घरच मिळत नसेल तर गोष्ट निराळी, हा दुसरा. शिकविण्याच्या दिवसांत हे नियम मला कोरडे वाटत. आता असे दिसते की, शास्त्रकाराने आईला तिचा पहिला मान दिला आणि लागलीच मुलाला परक्यांच्या दारी उभे केले. आमच्या आजच्या मुंजीत ह्यातला पहिला अर्धाच शिल्लक आहे. मातृभोजन होते, भिक्षावळीत चांदीची भांडी, लाडू आणि पाकिटे पडतात, बटू ती सारी मिळकत सायंकाळी आईच्या स्वाधीन करितो आणि दुसरे दिवशी क्रिकेटची बॅट घेऊन पटांगणावर जातो.

दुसरा अर्धा ज्यांनी प्रत्यक्ष भोगला, त्यांतल्या शेवटच्या पिढीतले माझे वडील. १९३६ साली, बारा वर्षांचे असताना, आजोबांनी त्यांना वरणगावाहून पुण्यास विद्येसाठी पाठविले. राहावयास एका दूरच्या नातलगाच्या वाड्यातली पडवी आणि जेवावयास वार. नव्या पिढीच्या वाचकांसाठी सांगतो की, गरीब विद्यार्थ्याने सात घरे धरावयाची, सोमवारी एक, मंगळवारी एक, ह्याप्रमाणे त्या त्या वारी त्या त्या घरी जेवावयाचे. एखादा वार सुटला की त्या दिवशी माधुकरी किंवा उपास. ह्या रीतीने शिकून पुढे मोठे झालेल्यांची यादी मोठी आहे. उपाशी राहिलेल्यांची यादी कोणी ठेविली नाही.

पहिल्या दिवाळीत नरकचतुर्दशी ज्या वारी आली, त्या वाराचे घर नारायण पेठेतील एका विधवा बाईंचे होते. त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेविले की, जेवावयाच्या वेळी येऊ नकोस, पहाटे चारला ये. स्वतःच्या मुलाला न्हाऊ घातल्यावर त्याच पाटावर त्यांनी वडिलांना बसविले, तेल लावले, उटणे लावले, आणि मुलाच्या ताटात जितक्या करंज्या तितक्याच ह्यांच्या ताटात वाढल्या. तेल लावताना बाई एक अक्षर बोलल्या नाहीत आणि वडीलही बोलले नाहीत. ही गोष्ट त्यांनी आम्हांस कितीदा सांगितली असेल! दुसऱ्या वर्षीची दिवाळी मात्र त्यांनी आम्हांस कधी सांगितली नाही. त्या वर्षी ज्या घरचा वार होता ती मंडळी कोकणात गेली होती आणि दाराला कुलूप होते. वडिलांनी ओंकारेश्वराच्या घाटावर फुटाणे खाऊन दिवस काढला. हे आम्हांस आईने सांगितले, तेही ते गेल्यानंतर. आजोबांच्या दप्तरात त्या दिवशीचे कार्ड सापडले. त्यावर मुलाच्या ताठ अक्षरांत लिहिले आहे की, दिवाळी उत्तम झाली, अभ्यास चालू आहे, काळजी नसावी.

ते कार्ड मी वहिनींना दाखविले. त्यांनी ते वाचले आणि म्हणाल्या, "मामंजींना शिकावयाचे होते, आणि येथे सोय नव्हती. ह्याचे शिक्षण झाले आहे." हेही खरेच होते.

येथे मला बंगळुरूची एक गोष्ट आठवली. २०१७ च्या दिवाळीत आम्ही उभयता कन्येकडे होतो. तिच्या शेजारच्या बिऱ्हाडी दोन तरुण अधूनमधून येत. पांढरा सदरा, गळ्यात टाय, खिशावर काळी नावाची पट्टी. एक राजमहेंद्रीचा, दुसरा चेन्नईचा, वय एकोणीस-वीस. ते मॉर्मन मिशनरी होते. त्यांच्या पंथाला लोक हे नाव देतात, त्यांना स्वतःला ते फारसे रुचत नाही. जोसेफ स्मिथ ह्यांनी हा ख्रिस्ती पंथ १८३० साली अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यात स्थापिला, आणि १८४७ पासून युटातील सॉल्ट लेक सरोवराकाठी त्याचे ठाणे झाले. बंगळुरूस त्यांचे स्वतंत्र मिशन १९९३ पासून आहे. ह्या पंथात मुलाने ऐन तारुण्यात दोन वर्षे, मुलीची इच्छा असल्यास तिने दीड वर्ष, धर्मप्रचारासाठी द्यावयाचे अशी प्रथा आहे. कोठे जावयाचे ते स्वतः ठरवावयाचे नाही. वेतन नाही, उलट शक्य असेल तेथे खर्च स्वतःचा किंवा घरचा. नेहमी जोडीने राहावयाचे, एकट्याने कोठे जावयाचे नाही. मुदत संपली की घरी परतून लग्न करावे, संसार करावा. म्हणजे हेही संन्यासी नव्हेत, आमच्या हिशोबाने ब्रह्मचारीच.

कन्येने त्यांना फराळास बोलाविले. चहा त्यांना निषिद्ध, कॉफीही; तेव्हा दूध दिले. चहा नाकारणारा विशीतला तरुण आमच्या मंडळींनी प्रथमच पाहिला, आणि त्यामुळे त्यांच्याविषयी एकदम चांगले मत झाले. दुसऱ्याच्या देवघरातले देव बदलावयास निघणे मला मान्य नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि चकली घेतली. मग मी मास्तरी सवयीने विचारले, घरी पत्र लिहिता की नाही? दर आठवड्यास ई-मेल पाठवितो, राजमहेंद्रीचा म्हणाला. आणि फोन? फोन वर्षातून दोनदा, नाताळाला आणि मे महिन्यात मातृदिनाला. बाहेर फटाके उडत होते. दिवाळी काही त्याचा सण नव्हता. परंतु त्याने बोटांवर मोजून सांगितले की, नाताळाला नऊ आठवडे आहेत. मागल्या नाताळात पाऊण तास बोलावयास मिळाले. त्यातला पहिला भाग आई नुसती रडत होती, आणि शेवटी घड्याळाकडे पाहत सगळ्यांनी एकदम बोलावयास सुरुवात केली. हे त्याने हसत सांगितले. त्याचा चेन्नईचा जोडीदार हसला नाही.

हा नियम पुढे त्यांच्या धुरीणांनी सैल केला. २०१९ च्या फेब्रुवारीपासून आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी, घरी फोनवर बोलण्याची, तोंड पाहण्याचीही मुभा मिळाली. मला तेव्हा आनंद झाला. आता सत्तरीकडे झुकताना तितका खात्रीचा आनंद होत नाही. दर आठवड्यास आईचा आवाज ऐकणारा मुलगा सुखी असेल; परंतु नाताळच्या दिवशी तो ज्या अनोळखी घरी जेवावयास बसला असेल, त्या घरचा तो कितपत होत असेल, ही शंका येते. आणि तरीही वडिलांचे ते कार्ड पाहिले की वाटते, नऊ आठवडे मोजावयास लावणारा नियम गेला हेच बरे. हा तिढा मजकडून सुटलेला नाही.

ह्या मुलांमुळे एक जुनी हकीगत माझ्या वाचनात आली, ती आपल्या वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. ह्या पंथाचा एक उपदेशक चक्क आपल्या पुण्यात येऊन राहिला होता, तोही १८५७ च्या आधी. ह्यू फिंडले त्याचे नाव, मूळचा स्कॉटलंडचा. तो १८५२ च्या सप्टेंबरात मुंबईस उतरला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात सॉल्ट लेकला भरलेल्या सभेत शंभराहून अधिक माणसांची नावे पुकारण्यात आली आणि त्यांना जगाच्या चारी दिशांस पाठविण्यात आले. त्यांतले काही हिंदुस्थानसाठी होते, काही सयामसाठी. आपले नाव निघणार आहे ह्याची कित्येकांना आधी कल्पनाही नव्हती. बायकामुले मागे ठेवून ते काही आठवड्यांत निघाले. डोंगर आणि वाळवंट ओलांडून कॅलिफोर्निया गाठावयाचे, तेथून समुद्र. नाताळ वाटेतच गेला. १८५३ च्या जानेवारीत ते ज्या जहाजावर चढले त्याचे नाव 'मॉन्सून', आणि ते कलकत्त्यास लागले एप्रिलच्या अखेरीस, ऐन उन्हाळ्यात.

फिंडले विलायतेहून थेट आला होता. मुंबईत वर्तमानपत्रे आणि इतर पाद्री त्याच्या विरुद्ध उठले. पुण्यास गेला तर छावणीत उपदेशास मज्जाव झाला. मुंबई ते ठाणे ही पहिली रेल्वे १८५३ च्या एप्रिलात सुरू झाली, आणि भोर घाटातून लोहमार्ग जावयास आणखी दहा वर्षे होती. म्हणजे हा गृहस्थ घाट चढून सडकेनेच पुण्यास पोहोचला असला पाहिजे. छावणी बंद, तेव्हा तो देशी वस्तीकडे वळला आणि मराठी शिकू लागला. शिकणाऱ्या परकीयासाठी मोल्सवर्थचा १८३१ चा कोश आणि दादोबांचे १८३६ चे व्याकरण तेव्हा उपलब्ध होते, हे मराठीच्या शिक्षकाने अभिमानाने नमूद करण्यासारखे आहे. १८५३ च्या अखेरीपर्यंत त्याच्याभोवती जमली ती जेमतेम डझनभर माणसे. अशात युटातील त्यांच्या पुढाऱ्यांनी बहुपत्नीत्वाचा उघड पुरस्कार केल्याची बातमी हिंदुस्थानात येऊन थडकली, आणि होते नव्हते ते दरवाजे लागले. (ती प्रथा पंथाने १८९० साली सोडली.) फिंडलेने १८५५ च्या सुमारास मराठ्यांना उद्देशून एक लहानशी पुस्तिका मुंबईत काढली, आणि त्याच साली तो हिंदुस्थान सोडून गेला. पुढे वर्षभरात इतरही बहुतेक सारे परतले. तीन वर्षे झिजून हाती आले ते एवढेच.

मला त्याच्या उपदेशात रस नाही. त्याच्या जेवणात आहे. ह्या लोकांचा जुना नियम असा की, जवळ पैशाची थैली किंवा शिदोरी न बाळगता निघावे. ज्या दारी उपदेश करावा त्या दारचे अन्न घ्यावे. अमेरिकेतल्या खेड्यांत तो नियम चालून गेला. हिंदुस्थानात तो मोडून पडला. गोऱ्यांची दारे मताच्या विरोधामुळे बंद, आणि आमची दारे पंक्तीच्या नियमामुळे बंद. ज्या पुण्यात पेठापेठांतून वार देणारी घरे होती, जेथे अनोळखी बटूला पहाटे तेल लावणाऱ्या माउल्या निपजल्या, त्याच पुण्यात ह्या माणसाला पानावर बसवून चार घास वाढील असे ब्राह्मणाचे घर त्या काळी निघणे शक्य नव्हते. त्या काळच्या आपल्या लोकांना मी आज दोष देत बसत नाही; त्यांचे नियम त्यांना प्राणाहून प्रिय होते. पण वाराचे कौतुक सांगताना आपण ही बाजू गाळतो. आणखी एक मौजेची गोष्ट अशी की, स्कॉटलंडात त्या काळी नाताळ हा सण म्हणून फारसा पाळीतच नसत. तेथे तो सार्वजनिक सुटीचा दिवस झाला तो १९५८ साली. त्यांचा मोठा दिवस नववर्षाचा. तेव्हा छावणीत इंग्रजांचा नाताळ चालला असता ह्या स्कॉच माणसाला त्यात आपले असे थोडेच वाटावयाचे, आणि त्याचा स्वतःचा दिवस आठवड्याने उजाडे तेव्हा शहरात तो कोणाच्या गावीही नसे. घरचे पत्र यावयास महिना-दीड महिना लागे. आसपास दिवाळीचे दिवे त्याने मात्र तीनदा पाहिले असतील.

फिंडलेची कथा वहिनींना सांगितली ती थोडी आखडती घेऊन. त्यांनी एवढेच विचारले, "त्याची आई होती का?" आणि मग त्यांनी आपल्या मनातली खरी गोष्ट बाहेर काढली. दिवाळीला तो येत नाही ह्याचे दुःख होतेच. पण त्याहून अधिक खुपत होते ते त्याचे एप्रिलातले पत्र.

तो आहे तो मुलूख गालो लोकांचा. त्यांचा मोठा सण मोपिन; तो एप्रिलच्या आरंभी येतो, पिकपाण्यासाठी असतो, आणि त्या दिवशी तांदळाच्या पिठाची उटी एकमेकांच्या तोंडाला फासतात. आमच्या मुलाला एका विद्यार्थ्याच्या घरी बोलावणे होते. विद्यार्थ्याच्या आजीने त्याच्या दोन्ही गालांना पीठ माखले. घरात मांस शिजत होते, आणि मास्तर ते खात नाहीत हे नातवाने आधीच सांगून ठेविले होते. तेव्हा म्हातारीने त्याच्यासाठी निराळा भात पानांत बांधून शिजविला, आणि तो जेवून उठेपर्यंत समोर बसून राहिली. तिला त्याची भाषा येत नाही, त्याला तिची तोडकीमोडकी येते. हा सारा मजकूर त्याने मोठ्या आनंदाने लिहिला होता. वहिनींनी तो वाचून विचारले होते, "भात निराळा, पण भांडे?" दादा हसले होते, आणि त्या हसण्याचा राग वहिनींनी सहा महिने मनात ठेविला होता.

मी त्यांना नारायण पेठेतल्या बाईंची आठवण दिली नाही. त्यांची त्यांनाच ती आली असावी, कारण बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "पीठ लावले म्हणजे आपल्या उटण्यासारखेच काहीसे."

दादांचा बेत असा होता की, लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी फोन लावावा, सर्वांचे चेहरे दाखवावेत, आईने दोन शब्द बोलावेत. मुलगा पाझरेल आणि निदान पुढल्या वर्षी येईल. मी ह्याला विरोध केला. त्या संध्याकाळी तो पंधरा-वीस मुलांना घेऊन पणत्या लावीत असणार. ती मुलेही घरापासून दूरच, आणि त्यांच्यापैकी कोणाची आई फोनवर दिसणार नाही. त्या घटकेस त्याला एकट्याला बाजूस बोलावून वरणगावचे अंगण दाखविणे ठीक होणार नाही. आवाजाने पोट भरत नाही, भूक मात्र चाळवते. बोलावयाचे तर पाडव्याला दुपारी बोला, आणि तेव्हा त्याला काय झाले ते विचारा, आपल्याकडे काय झाले ते सांगू नका. दादा म्हणाले, तू मास्तरकी करतोस. वहिनींनी, नवल असे की, माझा पक्ष घेतला.

मात्र पाठवावयाच्या डब्याच्या बाबतीत त्यांनी कोणाचे ऐकले नाही. कोजागिरीच्या आदल्या दिवशीच चूल पेटली. अनारसे प्रवासात टिकतील की नाही ह्यावर दोन दिवस खल होऊन ते रद्द झाले. चिवडा, शेव, शंकरपाळे, चकल्या, आणि फुटणार हे माहीत असूनही करंज्या. मोजताना मी जवळ होतो. एका माणसाला लागेल त्याच्या कितीतरी पट माल पाहून मी काही बोलणार, तो त्याच म्हणाल्या, "तिथे मुले किती म्हणून लिहिले होते?" उटण्याची पुडी त्यांनी प्रथम एक ठेविली, मग आत जाऊन आणखी एक आणली आणि तिच्यावर काहीच न लिहिता ती डब्याच्या अगदी तळाशी घातली. पार्सल वरणगावच्या पोस्टातून गेले.

भाऊबीजेला त्याची बहीण नाशकाहून आली. चुलत भावांना ओवाळून झाल्यावर तिच्या मुलाने फोन पुढे केला आणि म्हणाला, मामा दिसतो, त्याला ओवाळ. तिने फोन खाली ठेवावयास लावला. अंगणात जाऊन तिने, भाऊ जवळ नसलेल्या बहिणी पूर्वीपासून करीत आल्या त्याप्रमाणे, द्वितीयेच्या कोरीला ओवाळले. कोर शेजारच्या गच्चीवरील टाकीच्या आड अर्धी गेली होती; तिला दोन पावले सरकावे लागले.

पार्सल पोहोचले ते तुळशीचे लग्न लागून गेल्यावर. चकल्यांचा चुरा झाला होता, तो मुलांनी चिवड्यात मिसळून खाल्ला, असे त्याने कळविले. दुसरी पुडी कोणासाठी हे त्याला न सांगता समजले. पौषात त्याच्या शाळेतला एक मराठी शिक्षक सुटीवर येताना आमच्याकडे उतरला, त्याने एक काचेची बरणी आणून दिली. म्हातारीने मास्तरांच्या आईसाठी धाडली होती. आत आंबविलेला बांबूचा कोंब होता. वहिनींनी झाकण किंचित सैल करून वास घेतला आणि पुन्हा घट्ट लावले. दादांनी ती बाहेर पडवीत ठेवा असे सुचविले. ती स्वयंपाकघराच्या फडताळात, लोणच्याच्या बरण्यांच्या रांगेत, शेवटची म्हणून ठेवण्यात आली. अद्याप ती उघडलेली नाही, आणि फडताळ साफ करताना वहिनी ती पुसून पुन्हा जागच्या जागी ठेवितात.